पहिलं कोरल कोणतं घ्यावं: न मरणारं की आवरता येणारं?

खारट
रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी, नवा लावला की जो तो कोरलची तीच चार नावं सुचवतो: झेनिया, ग्रीन स्टार पॉलिप्स, केनिया ट्री, झोआ (झोअँथस). का, तर ‘मरत नाहीत हो’. मला हा सल्लाच पटत नाही. जे मरत नाही ते पसरतं, आणि पसरणारं कोरल नवख्याला आवरत नाही. ग्रीन स्टार पॉलिप्सची जांभळी चटई काचेवर आली तर ब्लेडने सोलून निघते. पण खडकाच्या छिद्रांत शिरली की वरून कितीही खरवडा, आत राहिलेल्या तुकड्यातून पुन्हा डोकं काढते. केनिया ट्री तर आपल्या फांद्या आपणच गाळतं. त्या वाहत जाऊन जिथे अडकतील तिथे नवं झाड. पुढे हौस वाढते, आणखी चार प्रकार लावावेसे वाटतात, तेव्हा खडकावर बोटभर जागा शिल्लक नसते.

म्हणून माझा निकष साधा आहे: नको झालं तर सुटं उचलून दुसऱ्याला देता येईल का? त्या हिशेबाने पहिला नंबर टोडस्टूल लेदर कोरलचा. एक देठ, वर छत्री, बसल्या जागी वाढतं. दुसरा डिस्कोसोमा या मशरूम कोरलचा, तोही मुख्य खडकांपासून लांब, वाळूत ठेवलेल्या सुट्या दगडावर.

बोला आता.

शिंपला_ठाणे
सपशेल असहमत! टोडस्टूल आणि नवख्याला? ते मधूनच छत्री मिटून बसतं, अंगावर मेणचट पापुद्रा धरतं, कधी कधी आठवडाभर तसंच. जुन्या माणसाला ठाऊक असतं की हे कात टाकतंय. नवखा मात्र घाबरतो. आज जागा बदल, उद्या लाइट वाढव, परवा दुकानदाराने दिलेली कसली तरी बाटली ओत. कोरल बरं असतं, उपचारांनी मरतं.

झेनिया निदान दिसायला तरी जिवंत असते. मुठी उघडतात, मिटतात, पोरं काचेला नाक लावून बघत बसतात. पहिल्या सहा महिन्यांत माणूस या छंदात टिकला तर पुढचं सगळं. वाळूत एकुलतं मशरूम ठेवून कोण टिकणार?

खारट
पापुद्र्याचं उत्तर दोन वाक्यांत देता येतं: त्याच्यावर प्रवाह जरा जास्त सोडा आणि हात लावू नका. पापुद्रा वाहून जातो, छत्री उघडते. विकणाऱ्याने हे सांगितलं पाहिजे, सांगत नाहीत ही गोष्ट वेगळी. आणि झेनिया मरत नाही हेही अर्धसत्य. जोमाने वाढलेली झेनिया काही कळायच्या आत विरघळून गेल्याची उदाहरणं या छंदात ढिगाने आहेत.

जर्सीकर
न्यू जर्सीहून लिहितोय. तुमचं भांडण सॉफ्ट, म्हणजे दगडी सांगाडा नसलेल्या, कोरलच्या चौकटीतच का अडकलंय ते कळलं नाही. इकडे सरळ डंकन किंवा कँडी केन घ्यायला सांगतात. डंकनच्या तोंडाशी मायसिस कोळंबीचा तुकडा सोडला की सगळे झुबके आत वळतात, खातंय ते डोळ्यांनी दिसतं. पसरत नाही, कात टाकत नाही. खारट यांच्या निकषातही बसतं आणि शिंपला यांच्याही. फक्त पाण्यातली अल्कलिनिटी (कार्बोनेटचा साठा, डीकेएच या एककात मोजतात) 8-9 डीकेएचच्या आसपास आणि कॅल्शियम 420 पीपीएमच्या जवळ ठेवायचं. छोट्या टाकीत एखाद-दुसऱ्या कोरलला पाणीबदलच पुरतो.

वनराई
जर्सीकर, सल्ला उत्तम, पण इथे तो घेऊन जाईल तुरुंगात. डंकन, कँडी केन, हॅमर, टॉर्च ही सगळी दगडी सांगाड्याची कोरलं, स्क्लेरॅक्टिनिया गणातली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 पासून हा अख्खा गण आहे. सोबत काळं प्रवाळ, फायर कोरल, ऑर्गन पाइप आणि सी फॅन. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. त्यामुळे परदेशी यादी उतरवून घेताना निम्मी नावं आधीच खोडायला हवीत.

जर्सीकर
पण आता बहुतेक फ्रॅग (विकायला कापलेले कोरलचे तुकडे) टाकीतच वाढवलेले असतात, समुद्रातून कोण तोडतंय?

वनराई
अनुसूचीत गणाचं नाव आहे, ते कुठे वाढलं हे नाही. दुकानदार ‘कल्चर्ड आहे, काही होत नाही’ म्हणतो, पण घरात सापडल्यावर उत्तर तुम्हाला द्यायचंय. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वेळी वरळी-हाजीअलीच्या खडकांवरची थोडीशी कोरलं हलवायची होती, तर महापालिकेलाही वनखात्याची परवानगी काढावी लागली. आणि ‘सॉफ्ट म्हणजे बिनधास्त’ असंही समजू नका. ग्रीन स्टार पॉलिप्सचा ब्रायरियम वंश जुन्या वर्गीकरणात सी फॅनच्या गोतावळ्यातच धरत. त्यामुळे मी तरी त्यापासून लांब राहीन.

शिंपला_ठाणे
हे ठाऊक नव्हतं. ठीक, ग्रीन स्टार यादीतून काढलं. झेनियावर मात्र ठाम आहे.

मीठभाकर
चौघांपैकी एकानेही झोआच्या विषाबद्दल अक्षर काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. ज्या घरात रांगतं मूल आहे तिथे ‘सोपं, रंगीत, स्वस्त’ म्हणून झोआ देतात, आणि त्यात तसेच दिसणारे त्यांचे भाऊबंद, पॅलिथोआ, सर्रास मिसळलेले असतात. पॅलिथोआत पॅलिटॉक्सिन असतं, अत्यंत जहाल. हातमोजे आणि चष्म्याशिवाय फ्रॅग कापू नये, बोटाला चीर असेल तर टाकीत हात घालू नये, आणि दगड स्वच्छ करायला म्हणून उकळणं तर कधीच नाही. त्या वाफेने घरातली सगळी माणसं इस्पितळात गेल्याच्या घटना परदेशात नोंदलेल्या आहेत. आपल्याकडे दगड धुवायची जागा म्हणजे स्वयंपाकघरातलं सिंक. बाजूलाच चिरलेली कोथिंबीर.

जर्सीकर
ताई, इतकं घाबरवू नका. लोक वर्षानुवर्षं झोआ पाळतात. बारीक झोअँथसमध्ये सहसा विष फारसं नसतं, खरा प्रश्न पॅलिथोआचा.

मीठभाकर
मग नवख्याला त्या दोघांतला फरक दुकानात उभ्या उभ्या ओळखता येतो का, तेवढं सांगा. येत नसेल तर ते नवख्याचं कोरल नव्हे.

खारट
+१. हा मुद्दा मूळ लेखातच हवा होता.

मुळामुठा
तुमचं चालू द्या, पण कोरल निवडायच्या आधी घर बघा की राव. माझ्या मते प्रश्न एकच: मे महिन्यात तुमच्या टाकीचं पाणी किती तापतं? 25-26 अंश हवेत. दिवसचे दिवस 30 च्या वर राहिलं तर कोरलच्या अंगातलं शेवाळ बाहेर पडतं आणि ते पांढरं पडतं, मग ते टोडस्टूल असो की झेनिया. पुण्यात एप्रिलची हवा कोरडी. पाण्यावर साधा पंखा सोडला तरी बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. बदल्यात रोज आरओचं गोडं पाणी भरत बसायचं, कारण मीठ उडत नाही, क्षारता चढते. ठाण्या-मुंबईची हवा इतकी दमट की पंखा नुसता फिरतो. तिथे चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) किंवा एसी. चिलरची किंमत ऐकून माणूस पुन्हा गप्पी माशांकडे वळतो!

तेव्हा मुंबईकराने चिलरची सोय होईपर्यंत कोरल घेऊच नये. आणि घेतलंच तर मशरूम. कमी लाइटवर भागतं, म्हणजे लाइटची उष्णताही कमी. शिवाय सॉफ्ट कोरल दगडी सांगाडा बांधत नाही, त्यामुळे कॅल्शियमचं गणित डोक्याला नको.

शिंपला_ठाणे
मुंबईकराने घेऊच नये म्हणजे काय? आम्ही काय फक्त बोंबील बघायचे? टाकी हॉलमध्ये ठेवा, खिडकीपासून लांब, झाकणाऐवजी जाळी लावा, लाइट संध्याकाळी सहानंतर. दुपारी तापलेल्या पाण्यात लाइटची भर पडत नाही आणि ऑफिसातून आल्यावर कोरल उघडं बघायलाही मिळतं. मेच्या पंधरवड्यात मात्र एसी लागतो, ते मान्य.

आता माझा शेवटचा प्रस्ताव. झेनिया, सुट्या दगडावर, चारी बाजूंनी वाळू, मुख्य खडकापासून चार बोटं लांब. पसरून पसरून जाणार कुठे?

खारट
चार बोटं तिला एका उडीची. तिचा देठ कलून शेजारच्या दगडाला टेकला तरी तिथे मूळ धरतो. वीतभर ठेवा, आणि दगड प्रवाह जिकडे जातो त्या टोकाला. तुटलेला तुकडा खडकांवर न जाता कोपऱ्यात साचेल, चिमट्याने उचलता येईल.

शिंपला_ठाणे
वीतभर ठेवली तर माझ्या टाकीत वाळूच संपते हो. दीड फुटी टाकी आहे!

खारट
मग मशरूम.