डेबियन टाकताना यूएसबी डोंगल सीडी म्हणून दिसतंय, मोडेम म्हणून नाही

माळ्यावरचा_संगणक | ८ जून २०१३

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यातल्या एका गावात मी वाचनालय सांभाळतो. शिमग्याला आलेल्या एका चाकरमान्याने जाताना जुना लॅपटॉप देऊन टाकला. एक जीबी रॅम, आणि व्हायरसने पोखरलेलं एक्सपी. पुस्तकांची यादी करायला तेवढा पुरे, म्हणून त्यावर डेबियन ७ हे लिनक्स टाकायला घेतलं (गेल्या महिन्यात आलेलं, टोपणनाव व्हीझी). नेटइन्स्टची सीडी (फक्त पाया देणारी, बाकीचं नेटवरून उतरवणारी) भाच्याने रत्नागिरीहून लिहून आणली.

घोडं अडलं ते नेटवर्कच्या पायरीवर. घरी ना लँडलाइन ना वाय-फाय. आहे ते हुआवे ई१७३ डोंगल आणि त्यात बीएसएनएलचं सिम. इन्स्टॉलरला लॅपटॉपचं इथरनेट कार्ड दिसतं, डोंगलचं तो नावच काढत नाही. शेवटी नेटवर्क मिरर (पॅकेजं उतरवायचा सर्व्हर) नको असं सांगून पुढे गेलो, तर काळ्या पडद्यावर नुसतं लॉगिन. त्यात पॅकेजं आणणाऱ्या एपीटी-गेटकडे डब्ल्यूव्हीडायल (मोडेमवरून नेट जोडणारा प्रोग्राम) मागितलं की म्हणतो, असं पॅकेजच सापडत नाही. म्हणजे नेट जोडायचं पॅकेज आणायला आधी नेट हवं!

दुकानदाराने सांगितलं, "हे लिनक्सला चालत नाही, विंडोजच टाका." खरंच चालत नाही का? सायबर कॅफेतून लिहितोय. पुन्हा तालुक्याला यायचं ते बुधवारी, तेव्हा उत्तरं वाचेन.

शॉर्टकट_शोधक | ८ जून

डेबियन कशाला? उबुंटू या दुसऱ्या लिनक्सची लाइव्ह सीडी (इन्स्टॉल न करता चालणारी) लावा, त्यात नेटवर्क मॅनेजर तयार असतो. आधी "ट्राय उबुंटू" मध्ये डोंगल जोडून बघा आणि चाललं तर तिथूनच इन्स्टॉल करा. मी तसंच केलं, दहा मिनिटांत नेट.

टर्मिनलकाका | ९ जून

वरचा सल्ला चुकीचा नाही, पण एक जीबी रॅमवर उबुंटूचं युनिटी डेस्कटॉप म्हणजे बैलगाडीला ट्रकचं ओझं. शिवाय तुमचं अर्धं काम झालेलं आहे. पुन्हा इन्स्टॉल करू नका.

दुकानदाराला काय दिसलं ते सांगतो. हे डोंगल म्हणजे एकाच डबीत दोन सोंगं. लावल्यावर ते आधी सीडी ड्राइव्ह असल्याचं भासवतं, कारण विंडोजचं सॉफ्टवेअर त्याच्याच पोटात असतं. विंडोजवर ते सॉफ्टवेअर बसलं की तेच डोंगलला सांगतं, आता सीडीचं सोंग पुरे, मोडेम हो. लिनक्सवर हा निरोप द्यायचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचं पॅकेज करतं. योझुआ डीट्झे नावाच्या माणसाने ते लिहिलं, आणि डोंगलवाल्या अर्ध्या जगाने त्याला चहा पाजायला हवा. निरोप पोचला की कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) "ऑप्शन" ड्रायव्हर पुढचं बघतो. नाव विचित्र आहे खरं. ऑप्शन नावाच्या बेल्जियन कंपनीच्या कार्डांसाठी तो मुळात लिहिला गेला, तेच नाव राहिलं.

आता दोन गोष्टी करा. डोंगल लावून एलएसयूएसबी (यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारी आज्ञा) मारा आणि हुआवेची ओळ, म्हणजे १२डी१ ने सुरू होणारा आकडा असलेली, वहीत उतरवा. मग रूट (म्हणजे सर्वाधिकारी) होऊन इजेक्ट आज्ञा द्या. लॅपटॉपचा खरा सीडी ड्राइव्ह बहुधा एसआर० असेल आणि डोंगलचा खोटा एसआर१, तेव्हा इजेक्ट एसआर१ ला करायचं. पाच सेकंद थांबून पुन्हा एलएसयूएसबी. आकडा बदलला का ते कळवा.

माळ्यावरचा_संगणक | १२ जून

काका, वही घेऊनच आलोय. आधी १२डी१:१४४६. इजेक्ट केल्यावर दिवा विझला, पुन्हा हिरवा लागला आणि आकडा १२डी१:१४३६ झाला! मोडेमचं पोर्ट टीटीवाययूएसबी० सुद्धा दिसलं. आनंदाने चहा ठेवायला गेलो, परत येतो तर पुन्हा १४४६. तीनदा केलं, तीनदा तेच. डीमेसेजच्या (कर्नलच्या नोंदींच्या) शेवटी "यूएसबी डिस्कनेक्ट" ची रांगच लागलीय.

जुना_मोडेम | १२ जून

डोंगलला कायमचं मोडेम करून टाकणारी एक एटी आज्ञा (थेट मोडेमलाच द्यायची) असते. एकदा दिली की सीडीचं सोंगच बंद, मोडस्विचची गरज नाही.

टर्मिनलकाका | १२ जून

आज्ञा आहे, पण तिने डोंगलमधला मायक्रोएसडी कार्डचा खाचाही बंद होतो. आणि दुखणं ते नाहीच. इजेक्टने डोंगल मोडेम झालं, म्हणजे ते आणि कर्नल दोघंही ठीक आहेत. मोडेम झाल्यावर ते टॉवर शोधायला लागतं तेव्हा करंट जास्त ओढतं. तेवढा मिळाला नाही की मरतं आणि पुन्हा सीडी होऊन जन्म घेतं.

खरं सांगा, डोंगल थेट लॅपटॉपला लावलंय का?

माळ्यावरचा_संगणक | १५ जून

पकडलंत. खाली रेंज नाही म्हणून डोंगल माळ्याच्या खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलंय आणि तिथून पाच मीटरची एक्स्टेंशन वायर खाली आणलीय. विंडोजवर असताना अशीच चालायची, म्हणून तिच्यावर संशयच आला नाही. (मायक्रोएसडीमध्ये भाचीच्या लग्नाचे फोटो आहेत, त्यामुळे एटी आज्ञा नको.)

टर्मिनलकाका | १५ जून

पाच मीटर ही नुसत्या केबलची कमाल मर्यादा. तुमची वायर बारीक असेल, वर पावसाळ्याची दमट हवा. सुतळी सोडा. डोंगल उलटं खाली आणण्यापेक्षा लॅपटॉपच माळ्यावर न्या, नाहीतरी नावात माळा आहेच.

पॅकेजांचं असं करा. घरात कुणाचा अँड्रॉइड फोन असेल तर डोंगलमधलं सिम त्यात घाला, डेटा केबलने लॅपटॉपला जोडा आणि यूएसबी टेदरिंग सुरू करा. लिनक्सला तो यूएसबी० नावाचं इथरनेट कार्ड वाटतो. डीएचक्लायंट यूएसबी० म्हटलं की आयपी पत्ता मिळतो आणि नेट. (इन्स्टॉल करतानाच हे केलं असतं, तरी बहुतेक चाललं असतं.) सोर्सेस डॉट लिस्टमधल्या (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीतल्या) सीडीरॉमच्या ओळीपुढे हॅश टाका म्हणजे ती बंद होईल, खाली डेबियनच्या मिररची ओळ लिहा, एपीटी-गेट अपडेट करा आणि फक्त दोनच पॅकेजं घ्या: यूएसबी-मोडस्विच आणि डब्ल्यूव्हीडायल. डेस्कटॉप टूजीवर उतरवायला जाऊ नका, गणपती येतील. एलएक्सडीई या हलक्या डेस्कटॉपची सीडी-१ शहरातून मागवा आणि एपीटी-सीडीरॉम ॲड करून तिच्यावरून घ्या.

डब्ल्यूव्हीडायलच्या फाइलीत फोन नंबर *९९#, एपीएन (कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव) बीएसएनएलनेट. युजरनेम-पासवर्ड रिकामे ठेवलेत तर तो रुसतो, काहीही टाका. आणि स्टुपिड मोड = १. नावावर जाऊ नका, समोरून लॉगिनचा प्रश्न येईल म्हणून वाट बघत न बसता तो सरळ पीपीपी (मोडेमवरचं नेटचं संभाषण) सुरू करतो.

माळ्यावरचा_संगणक | २२ जून

झालं!! भाच्याचा फोन तासभर मागून घेतला (तेवढा वेळ तो माझ्याकडे सावकाराकडे बघावं तसा बघत होता). दोन्ही पॅकेजं आणि त्यांच्यामागून आलेलं लटांबर मिळून थोडक्यात आटोपलं. लॅपटॉप माळ्यावर, भाताच्या कणगीवर पाट ठेवून त्यावर. डोंगल लावलं आणि इजेक्ट न करता आपोआप १४३६ झालं. डब्ल्यूव्हीडायलने पहिल्या फटक्याला दगा दिला, कारण एपीएनमध्ये मी एक एन खाल्ला होता. दुसऱ्यांदा पडद्यावर स्थानिक आयपी पत्ता आला आणि हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला. शॉर्टकटभाऊ, दहा मिनिटं नाही, दोन आठवडे लागले, पण आता डब्ल्यूव्हीडायलची फाइल पाठ आहे.

एलएक्सडीईची सीडी पुढच्या आठवड्यात येतेय. सध्या काळ्या पडद्यावरच यादी करतोय, १४० पुस्तकं झाली. काका, ई१७३ ला थ्रीजी मिळालं की दिवा निळा होतो म्हणतात. इथे तो कधी लागायचा नाही, पण पाऊस उघडला की देवळाच्या सड्यावर नेऊन बघणार आहे.

टर्मिनलकाका | २२ जून

बॅटरी पूर्ण भरून न्या. आणि सुतळी नेऊ नका.