फुलदाणीतली फुलं टिकावीत म्हणून तुमच्या घरी काय करतात?

मंडईत आज निशिगंध दिसला, न ठरवता जुडी घेतली. रिक्षात वास सुटला आणि आईच आठवली. ती घरी आली की चपला काढायच्या आधी बादलीत पाणी घ्यायची, दांडे बुडवून पाण्यातच तिरके कापायची. दांड्यात हवा शिरली की पाणी वर चढत नाही म्हणायची. पाण्यात बुडणारी पानं काढायची, नाहीतर ती कुजून पाणी घाण होतं. निशिगंध खालून वर उमलतो, म्हणून खालचं फूल मलूल झालं की खुडायचं आणि शेंड्याच्या अगदी बारीक कळ्याही काढायच्या. तिला जाऊन बरीच वर्षं झाली, पण हात तसेच चालतात. तुमच्याकडच्या गोष्टी लिहा ना.

मावळकर
आमचं तळेगावकडे पॉलिहाऊस आहे. जर्बेराला भरपूर पाणी घालू नका!! दांडा लवदार आणि मऊ, पाण्यात कुजतो. दोन-तीन इंच पुरे, पण रोज ताजं. गुलाबाने मान टाकली तर दांडा पुन्हा काप आणि अख्खं फूल तासभर टबात आडवं बुडवून ठेव, बहुतेक वेळा उठतं. यंदा पावसाने भुरी (पानांवरची पांढरी बुरशी) फार आलीये, ते वेगळंच दुखणं.

गौरीची आई
ताई, वाचून डोळे भरले. माझ्या सासूबाई मोगऱ्याचा गजरा ओल्या पंच्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवायच्या. पंचा घट्ट पिळलेला हवा, पाणी राहिलं की मोगरा तांबूस पडतो. कुकर झालाय, नंतर लिहिते

रानफूल
जास्वंदीला पाण्याची गरजच नाही, ती एका दिवसाचीच. गणपतीत आम्ही संध्याकाळी कळ्या काढून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवतो, सकाळी बाहेर काढल्या की उमलतात. दूर्वा ओल्या फडक्यात.

सायली_क
फुलदाणी फळांच्या टोपलीजवळ ठेवू नका. पिकलेल्या केळ्या-आंब्यांतून इथिलीन वायू निघतो, फुलं लवकर गळतात. कार्नेशन तर लगेच मान टाकतं.

अॅम्स्टेलवेनहून
इथे नेदरलँड्सला ट्युलिप कापल्यावरही वाढतात! सकाळी सरळ उभे, संध्याकाळी खिडकीकडे वाकलेले. आई व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "अगं, फुलं पळून चाललीत." शेजारच्या आल्समेरला फुलांचा मोठा लिलाव आहे, पहाटे उठायची तयारी असेल तर बघाच.

गौरीची आई
आले. कमळाच्या कळ्या घरी कुणाच्या उमलतात का? आमच्या नुसत्या काळ्या पडतात.

रानफूल
@गौरीची आई कापलेली कळी सहसा आपणहून उमलत नाही. दादरला फूलवाले पाकळ्या हाताने दुमडून देतात, तसंच करा. बाहेरच्या पाकळीपासून, एकेक, अलगद.

माऊ_घरी
मांजर असेल तर लिली घरी आणूच नका!! परागसुद्धा विषारी, मांजराची किडनी जाते. फुलदाणीतलं पाणी प्यायली तरी धोका. चाटलंय अशी शंका आली तरी लगेच डॉक्टरकडे.

सायली_क
बापरे, हे माहीत नव्हतं. निशिगंधाचं काय मग?

माऊ_घरी
त्याची जात लिलीहून वेगळी. मांजराला चालतो. आमची तर शेजारी झोपते

मावळकर
फोटो टाका की मांजरीचा