आधी किक मारणं थांबवा

बाइकच्या इंजिनात पिस्टन बसवताना गजन पिनचं (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनचं) लॉक, म्हणजे ती पिन जागेवर धरणारी छोटी रिंग, खाली इंजिनच्या चेंबरमध्ये पडलं म्हणताय, तर आता किक मारून बघू नका. क्रँक (पिस्टनखालचा फिरणारा दांडा) फिरला की लॉक त्याच्या आणि इंजिनच्या बाहेरच्या केसिंगच्या मधे अडकू शकतं. ॲल्युमिनियमचं केसिंग तडकलं तर खर्च कुठल्या कुठे जाईल. लॉक स्प्रिंग स्टीलचं असतं, चुंबकाला चिकटतं. दांडीवालं चुंबक क्रँकच्या कडेने हळूच सोडा, टायमिंग चेनच्या पोकळीतही फिरवा. नाहीच मिळालं तर ऑइल काढून ते गाळणारी जाळी तपासा. तरीही नाही? मग इंजिन उतरवून केसिंग उघडायचं. 'राहील खाली पडून, काही होत नाही' हा तुम्हाला वर कुणीतरी दिलेला सल्ला मला अजिबात पटला नाही. सापडलेलं लॉक परत वापरू नका, नवं स्वस्तात मिळतं. आणि ते बसवताना पिस्टनखालच्या चेंबरच्या तोंडाला स्वच्छ फडकं कोंबा.