गोळीने मूल शांत झालं, पण वाचायला शिकलं का?

रेमेडियल शिक्षिका (वाचन-लेखनात मागे पडलेल्या मुलांना वेगळं शिकवणारी), ठाणे:
मूल अतिचंचल, त्यात वाचताना अडखळणारं. मिथाइलफेनिडेट हे अतिचंचलतेवरचं औषध सुरू होतं, महिनाभरात वर्गातल्या तक्रारी थांबतात आणि घरचे म्हणतात, "औषध लागू पडलं." लागू पडलं ते कशाला? 2022 मध्ये अमेरिकेत पेल्हम आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. 7 ते 12 वयाची 173 मुलं, प्रत्येकाला काही आठवडे खरी गोळी, काही आठवडे औषध नसलेली. खऱ्या गोळीवर मुलांनी वर्गातलं काम जास्त उरकलं, दंगाही कमी केला. नवे शब्द आणि नवा धडा मात्र दोन्ही वेळा सारखाच शिकली. ज्याला जोडाक्षर फोडता येत नाही, त्याला ते शिकवावंच लागतं.

आठ वर्षांच्या मुलाचा बाबा:
बाई, शिकवाल कधी, तो जागेवर टिकला तर ना? आमचा पोरगा पहिलीपासून वर्गाबाहेर उभा असायचा. गोळी सुरू झाली आणि पहिल्यांदाच कुणीतरी त्याला वाढदिवसाला बोलावलं. हे कशात मोजणार? शिवाय 1999 चा एमटीए अभ्यास बघा, अतिचंचल मुलांचे गट करून उपचारांची तुलना केलेला. 579 मुलं, 14 महिने. लक्षणांवर नुसत्या वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे औषधाविना वागणूक सुधारण्याच्या उपचारापेक्षा, देखरेखीखालचं औषध सरस ठरलं.

शिक्षिका:
त्याच मुलांना तीन वर्षांनी तपासलं तेव्हा गटांमधला फरक पुसला गेला होता. 14 महिन्यांनंतर ज्याने त्याने आपापले उपचार घेतले, हेही खरं. तेव्हा दोष सगळा औषधाचा नाही. पण नव्याने औषध घेणारी मुलं न घेणाऱ्यांपेक्षा उंचीत सुमारे 2 सेंटिमीटर मागे पडली होती. वाढदिवसाचं आमंत्रण मलाही मोलाचं वाटतं. तेवढ्यावर रेमेडियल बंद करणारे पालक दर वर्षी बघते, म्हणून बोलते.

बालरोगतज्ज्ञ:
वाचन सुधारलं नाही म्हणून गोळी फसली असं म्हणू नका, बाई. ती वाचनासाठी दिलेलीच नसते. गोळीआधी उंची, वजन, रक्तदाब लिहून ठेवा. पालक आणि शिक्षक दोघांकडून प्रश्नावली भरून घ्या. शिवाय एक उतारा वाचायला देऊन मिनिटाला किती शब्द बरोबर आले ते मोजा. तीन महिन्यांनी हे सगळं पुन्हा. भूक मेली, झोप उडाली, तर तेव्हाच कळवा, थांबू नका.

बाबा:
डॉक्टर, आमच्याकडे उतारा कुणी वाचूनच घेतला नाही. फॉर्मवर 'जागेवर बसतो का', 'मधेच बोलतो का', एवढंच. आज रात्री मीच घड्याळ लावून वाचून घेतो. पण गोळी बंद करणार नाही, बाई.