कांड्या पूर्ण, नेट मात्र रडतंय

घरच्या कॉम्प्युटरवर वायफायची रेंज तुम्ही कशी बघता? कोपऱ्यातल्या कांड्या मोजून काही कळत नाही, एवढं मला कळलंय. आमचा वन बीएचके. राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे, मी बेडरूममध्ये. कांड्या तीन, पण मीटिंगमध्ये माझा आवाज तुटक. शेवटी कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ टाइप केलं. सिग्नल ५२ टक्के. विंडोजचा हिशेब असा, की उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) म्हणजे १०० टक्के आणि उणे १०० म्हणजे शून्य. म्हणजे माझे उणे ७४. व्हिडिओ कॉलला उणे ६७ च्या आसपास तरी हवेत. राउटर टीव्हीमागून काढून कपाटावर चढवला, तर ७८ टक्के! वायर लोंबते म्हणून घरात बोलणी खातोय, ते वेगळं. तुमचे अनुभव लिहा.

---

मॅकवर ऑप्शन दाबून वायफायच्या चिन्हावर क्लिक करा, आकडे दिसतात. माझा सिग्नल उणे ५५, नॉइज म्हणजे आजूबाजूचा गोंगाट उणे ९२. फरक ३७ चा, म्हणजे झकास. तरी संध्याकाळी नेटची गोगलगाय. वायरलेस डायग्नोस्टिक्समध्ये स्कॅन केलं, तर खालचे, वरचे, शेजारचे सगळे ६ नंबरच्या चॅनेलवर ठाण मांडून, आणि आम्हीही तिथेच. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफाय पट्ट्यावर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. अकरावर गेलो, सुटलो.

---

रत्नागिरीचं घर, जाड चिऱ्याच्या भिंती. ओटीवर ९० टक्के, माजघरात ३०. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय तर उंबरठाही ओलांडत नाही. खिडकीतून लॅनची वायर ओढली. पावसाळ्यात खिडकी नीट लागत नाही आता.

---

सिग्नल ९५ टक्के, राउटरला पिंग (हाक मारून उत्तर यायला लागणारा वेळ) २ मिलिसेकंद, पुढे सगळा अंधार. लाइनच बाद होती. कस्टमर केअर मात्र तीन दिवस राउटर बंद-चालू करायला लावत होतं.

---

माझा किस्सा ऐका. रोज दुपारी एकला नेट गचके खायचं. राउटरच्या पत्त्याला, १९२.१६८.१.१ ला, पिंग सतत चालू ठेवून बसलो. ३, ४, ३... आणि एकदम ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. स्वयंपाकघरातून ‘टिंग’ वाजलं की पुन्हा ३. मायक्रोवेव्ह! तोही २.४५ गिगाहर्ट्झवरच चालतो आणि आमचा राउटर नेमका त्याच्या डोक्यावरच्या फळीवर. फळी हलवता येत नाही, म्हणून मीटिंग असली की आई आमटी गॅसवर गरम करते.