पुदिन्याच्या टिश्यू कल्चरमध्ये जेलीत दुधाळ कडं येतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मोर्शीकडच्या खेड्यातून लिहितोय. संत्र्याच्या बागेत ड्रिपच्या नळीकडेने आमचा पुदिना आहे आणि दोन वर्षांपासून त्यावर तांबेरा. मुळ्या उपटून दुसरीकडे लावल्या की रोगही सोबत जातो, म्हणून बाटलीत निरोगी रोपं करायचा घाट घातला. बाबा म्हणतात, "पुदिन्याची काडी चिखलात खोसली तरी लागते, अन् तू तिले साखर चारून राह्यला!"

एम.एस. मीडिया (झाडाला लागणाऱ्या क्षारांचं मिश्रण), लिटरला ३० ग्रॅम साखर, ८ ग्रॅम अगार (जेली घट्ट करणारी पूड), बीएपी (फुटवे आणणारं हार्मोन) २ मिलिग्रॅम, पीएच ५.८. ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) नाही, घरच्या कुकरमध्ये २० मिनिटं. एका डोळ्याची कांडी घेतो, अर्धा तास वाहत्या पाण्याखाली, मग अल्कोहोल, मग १० मिनिटं ब्लीच, तीनदा निर्जंतुक पाणी. माशांची जुनी काचपेटी आडवी करून तिच्यात हात घालून काम करतो. हवा नको म्हणून कूलर बंद. मे महिन्यात हे काय असतं ते विदर्भातल्यांना सांगायला नको.

आठ-दहा दिवस सगळं छान, डोळे फुटतात. मग कांडीच्या बुडाभोवती जेलीत दुधाळ कडं दिसतं. बुरशीचा कापूस नाही. ४० पैकी २६ बाटल्या अशाच. झाड न घालता ठेवलेल्या ५ बाटल्या मात्र अजून नितळ. शिवाय नवी पानं काचेसारखी, पाणीदार. चिमट्यात धरली की मोडतात.

ब्लीच वाढवू का? मर्क्युरिक क्लोराइड सुचवलंय एकाने, पण घरात लहान पोरं आहेत, पारा नको.

प्रतिसाद: पारा नकोच. रिकाम्या बाटल्या नितळ आहेत, म्हणजे तुमचा कुकर पास. दुधाळ कडं म्हणजे जिवाणू, आणि ते बहुधा कांडीच्या आतच आहेत, पुदिन्यात हा त्रास नेहमीचा. ब्लीच तिथवर पोचत नाही. वाढवलंत तर कांडीच जळेल. बागेतली कांडी घेऊ नका. कुंडीत, आडोशाला मातृझाड वाढवा, पानांवर पाणी न टाकता बुडाशीच घाला. नवा फुटवा आला की फक्त टोकाचा मिलिमीटरभर शेंडा कापा. जगतील कमी, पण जगतील ते स्वच्छ निघण्याची शक्यता बरीच जास्त. काचेरी पानांसाठी बीएपी निम्म्यावर आणा, अगार किंचित वाढवा. मुळांची काळजी नको, पुदिना हार्मोनशिवायही मुळं सोडतो.

मी: कुंडी आज भरली, आईच्या तुळशीशेजारी. मिलिमीटरभर शेंड्यासाठी भिंग शोधतोय. त्या २६ बाटल्या तशाच उकिरड्यावर टाकू का?

प्रतिसाद: अजिबात नको. काम करता त्या खोलीत झाकण उघडू नका. आधी कुकरमध्ये, तिथेच झाकण जरा सैल करून २० मिनिटं, मग उकिरडा.