औषधाने मांजर बदलतं, हे आधी कुणी का सांगत नाही?

खिडकीतली मनी
आमची ठकी १४ वर्षांची भाटी. वर्षभरापासून किडनीचा त्रास, एक दिवसाआड घरीच कातडीखाली सलाइन लावतो. गेल्या आठवड्यात तिने अन्न सोडलं. तीन दिवस फक्त बांगड्याचं पाणी चाटत होती. डॉक्टरांनी मिर्टाझापिन लिहून दिलं, माणसांची १५ मिलीग्रॅमची गोळी. "चतकोर रोज द्या, भूक लागेल." एवढंच सांगितलं.

रात्री आठला चतकोर दिली. पाऊण तासात तिने अख्खी वाटी संपवली. मी आणि सासूबाई स्वयंपाकघरात उभ्या राहून रडलो. साडेनऊला ती ओरडायला लागली. म्यांव नव्हे, पोटातून येणारा लांब हेल. ओट्यापासून बाल्कनीपर्यंत नुसत्या फेऱ्या, बाहुल्या पूर्ण काळ्या, शेपटी थरथरतेय, हात लावला की दचकतेय. सासऱ्यांना वाटलं, शेवटची घटका आली. शेजारच्यांनी बेल वाजवून विचारलं, सगळं ठीक आहे ना? पहाटे पाचपर्यंत मी तिला घेऊन बाथरूममध्ये अंधारात बसले होते.

सकाळी डॉक्टर म्हणाले, "हो, होतं तसं काही मांजरांना." होतं हे माहीत होतं, तर आदल्या दिवशी का नाही सांगितलं? मी ती गोळी आता देणार नाही. माझं ठाम मत झालंय: ज्या औषधाने मांजराचं वागणं बदलू शकतं, ते लिहून देताना तसं तोंडाने सांगितलंच पाहिजे.

बोरिवलीचा बोका
ताई, तुमची रात्र कशी गेली असेल ते कळतंय, पण "देणार नाही" हे मला पटत नाही. ती जेवली, हे विसरू नका. मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर चढायला लागते आणि मग त्याला अन्नाची आणखीच शिसारी येते. माझा बोका असाच गेला. पाहुणे आले होते म्हणून रुसला असेल, असं समजून मी पाच दिवस वाट पाहिली. कान पिवळे दिसले तेव्हा डॉक्टरांकडे धावलो. एक रात्र ओरडणारं मांजर मला आजही चालेल.

खिडकीतली मनी
तुमच्या बोक्याचं वाचून वाईट वाटलं. पण ती एक रात्र तुमची-माझी नव्हती, ठकीची होती. ती घाबरली होती. तिला बोलता येत नाही म्हणून "चालेल" हे आपण ठरवायचं का?

औषधवाली कोल्हापूर
माझं माणसांच्या औषधांचं दुकान आहे, घरी तीन मांजरं आहेत. वाद बाजूला ठेवून आधी मात्रा बघा. १५ ची चतकोर म्हणजे ३.७५ मिलीग्रॅम. मांजरांत पूर्वी हीच मात्रा सर्रास दिली जायची. नंतर अभ्यासांत दिसलं की तिच्या निम्म्याने, साधारण १.८८ ने, भूक लागतेच आणि ओरडणं, येरझाऱ्या, थरथर कमी होते. त्यातून किडनीचं मांजर हे औषध शरीराबाहेर सावकाश टाकतं, म्हणून बरेच डॉक्टर त्यांना एक दिवसाआड देतात. ठकीला तिच्या मानाने दुप्पट मिळालं असण्याची शक्यता आहे. अमेरिकेच्या विषबाधा केंद्राकडे आलेल्या ८४ मांजरांच्या नोंदी २०१६ मध्ये छापून आल्या, त्यात निम्म्याहून जास्त मांजरं ओरडत होती. म्हणजे ही गोष्ट दुर्मीळ नाही आणि गुपितही नाही. तिथल्या एफडीएने २०१८ मध्ये याच औषधाचं कानाच्या आतल्या बाजूला लावायचं मलम खास मांजरांसाठी मंजूर केलं, त्याच्या माहितीपत्रकातही ओरडणं आणि अतिचळवळ लिहिलेली आहे.

अजून एक, कारण आपल्याकडे हे घडतं. मुलांच्या भुकेसाठी मिळणारं सायप्रोहेप्टाडिनचं सिरप घरात असतं, ते सोबत देऊ नका. मिर्टाझापिन जास्त झालं तर उतारा म्हणून हेच वापरतात, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. आणि मांजराला ट्रॅमाडॉल (दुखण्यावरचं औषध) चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, ही जोडी धोक्याची आहे.

पडवीत बसलेला
मी रत्नागिरीकडचा, वय ७१. आमच्याकडे मांजरं म्हातारी झाली की पडवीत, चुलीजवळ पडून असायची. खायचं सोडलं की आम्ही समजायचो. सलाइन, गोळी, परत गोळी हे तिच्यासाठी चाललंय की तिला सोडवत नाही म्हणून आपल्यासाठी? दुखवायचा हेतू नाही. १४ वर्षांच्या जिवाला रात्रभर धास्तावलेलं बघून मला तरी पुन्हा औषध घालण्याचं धाडस झालं नसतं.

बोरिवलीचा बोका
काका, चुलीजवळ पडलेलं मांजर शांतपणे जातं असं आपल्याला वाटतं. किडनी गेलेल्या मांजराला मळमळ असते, तोंडात जखमा होतात. ते गप्प असतं, कारण आजार लपवणं ही मांजराची जातच आहे.

दम्याचा दिनू
माझं प्रकरण वेगळ्या औषधाचं. माझ्या बोक्याला दमा, त्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. दुसऱ्या आठवड्यापासून तो कणकेच्या गोळ्यावर झडप घालायला लागला, कचऱ्याचा डबा उलटायचा, पाण्याचं भांडं तासात रिकामं, आणि वाळूच्या ट्रेबाहेर, माझ्या गादीवर मुतायचा. दुसऱ्या मांजराला घास खाऊ देईना. मी चिडून त्याला दोनदा खोलीत कोंडलं. स्टेरॉइडने भूक, तहान, लघवी सगळं वाढतं, काही मांजरं चिडचिडी होतात, हे मला महिन्याने कळलं. तो खोड्या करत नव्हता, त्याला आवरत नव्हतं. दाराखालून त्याचा पंजा बाहेर यायचा, ते अजून आठवतं. एक ट्रे वाढवला आणि खाणं चार वेळांत वाटून दिलं, तेव्हा गादी वाचली.

म्हणून मनीताईंचं म्हणणं शंभर टक्के बरोबर: आधी सांगा. पण स्वतःहून बंद करणं हे मात्र नको. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. एकदम तोडलं तर मांजर कोसळू शकतं, ते पायरीपायरीने कमी करावं लागतं.

दवाखान्याच्या आतून
मी व्हेट आहे. आम्ही का सांगत नाही याचं माझ्यापुरतं खरं कारण लिहिते. सगळं सांगितलं की निम्मी माणसं घाबरून औषध सुरूच करत नाहीत, आणि घरातलं काहीतरी देऊन बघतात. पॅरासिटामॉल दिलेलं मांजर मी टेबलावर पाहिलं आहे. हिरड्या तपकिरी, तोंड सुजलेलं. मांजराच्या लिव्हरला ते औषध पचवताच येत नाही. त्यामुळे "आधी सुरू तर करू देत" असं वाटतं.

खिडकीतली मनी
डॉक्टर, तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण हे मला मान्य नाही. सांगितलं नाही म्हणूनच मी पहाटे ठरवलं की पुन्हा देणार नाही. "तासाभरात ओरडू शकेल, बहुतेक दिवसभरात उतरतं, दुसरी मात्रा देण्याआधी मला फोन करा." तीन वाक्यं आहेत. ती माहीत असती तर मी घाबरले असते, पण वेळ बघत बसले असते, आणि सकाळी गोळ्या कचऱ्यात टाकल्या नसत्या.

दवाखान्याच्या आतून
हे खरं आहे. चिठ्ठीच्या मागे लिहून देणं मला जमण्यासारखं आहे. तुम्ही एक करा: पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ घ्या, गोळी दिल्याची वेळ लिहा. "विचित्र वागते" एवढ्यावरून आम्हाला औषधाचा परिणाम, झटका की दुखणं हे वेगळं करता येत नाही.

पडवीत बसलेला
मी माझ्या मतावर आहे. पण ठकीचं काय झालं ते कळवा.

खिडकीतली मनी
काका, डॉक्टरांशी बोलले. साडेसात मिलीग्रॅमची गोळी आणली, तिची चतकोर, एक दिवसाआड. आज पहिली दिली. साडेनऊला तिने दोनदा हाक मारली, बाल्कनीपर्यंत जाऊन आली. सासरे घड्याळ घेऊन बसले होते. आता दहा वाजून वीस मिनिटं, ती फ्रिजवर बसून पंजा चाटतेय. वाटीत अर्धं उरलंय. वजनकाट्यावर सकाळी ३.१ किलो होती.